सगळ्यांना बाहेर काढायचं!

शाळेला सुट्टी लागली की मुलांच्या हातात मोबाइल आणि आयांच्या तोंडी तक्रार, हे चित्र घरोघरी दिसतं. "दिवसभर नुसतं ढिशँव ढिशँव चाललेलं असतं हो," असं आमच्या शेजारच्या वहिनी म्हणतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. मुलांचे निम्मेअधिक खेळ मारामारीचेच. समोर येईल त्याला गोळी घालायची आणि पुढे पळायचं. मी घर सांभाळून आठवड्यातले चार दिवस शाळेत शिकवते. सोमवारी वर्गात शिरलं की पहिल्या तासालाच कळतं, कुणी रविवारी किती जणांना 'उडवलं'!

अशा दिवसांत मी एका व्हिडिओ गेमबद्दल चार शब्द चांगले लिहायला बसले आहे, याचं मैत्रिणींना नवल वाटेल. पण हा खेळच निराळा आहे. यात बंदूक नाही, मारामारी नाही. आग लागलेल्या किंवा पाणी शिरलेल्या इमारतीत माणसं अडकलेली आहेत आणि घड्याळ चालू आहे. त्यांना शोधायचं आणि बाहेरच्या दारापर्यंत सुखरूप आणायचं, एवढंच काम.

खेळाचं नाव 'एक्झिट'. जपानच्या टाइटो कंपनीचा. ज्यांना 'स्पेस इन्व्हेडर्स' हे नाव आठवतं, त्यांना सांगते, १९७८ साली सगळ्या जगाला वेड लावणारा तो खेळ याच कंपनीचा. 'एक्झिट' निघाला डिसेंबर २००५ मध्ये, हातात धरून खेळायच्या 'पीएसपी' नावाच्या यंत्रासाठी. हे यंत्र साधारण चष्म्याच्या घराएवढं. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, आणि मागे छोटीशी तबकडी घालायची सोय. आमच्याकडे ते आलं माझ्या धाकट्या दिरांच्या माळ्यावरच्या खोक्यातून. भावजी कॉलेजात होते तेव्हा हौसेनं घेतलेलं. खोकं आवरताना सापडलं आणि आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांच्या हाती पडलं.

खेळाचा नायक म्हणजे मिस्टर एस्क, 'एस्केप'मधला अर्धा शब्द घेऊन केलेलं नाव. डोक्याला हॅट, अंगकाठी सडपातळ, आणि धंदा म्हणाल तर अडकलेल्यांना सोडवण्याचा. सगळी चित्रं जुन्या चित्रकथांसारखी, माणसं जवळजवळ काळ्या सावल्यांसारखी. इमारत आपल्याला बाजूनं कापल्यासारखी दिसते, म्हणजे दिवाळीच्या किल्ल्याची एक भिंत काढली तर आतले मजले दिसतील तशी. कुठल्या मजल्यावर कोण आहे, शिडी कुठे, कुलूपबंद दार कुठे, अग्निशामक नळकांडं कुठे, हे सगळं पाहून आधी डोक्यात बेत करायचा आणि मग पाऊल टाकायचं. नुसती बोटं भराभर चालून उपयोग नाही. असे शंभरच्या आसपास टप्पे आहेत.

आता यातली खरी गंमत. अडकलेली माणसं सगळी एकसारखी नाहीत. तरुण असतात, ते उड्या मारतात, चढतात, सांगितलेली वस्तू उचलतात. थोराड, वजनदार गडी असतात. त्यांना उंच जागी चढता येत नाही, वरून कुणीतरी हात द्यावा लागतो. पण जो जड खोका दुसऱ्या कुणाला हलत नाही, तो ते एकटे ढकलतात. लहान मुलं असतात. त्यांना उंच पायरी जमत नाही, पण जिथे मोठ्यांचं डोकं शिरणार नाही अशा फटीतून ती सरपटत जातात आणि पलीकडची किल्ली घेऊन येतात. आणि चौथा प्रकार आजारी, जखमी माणसांचा. त्यांना चालताच येत नाही. त्यांना पाठीवर घ्यायचं, आणि पाठीवर माणूस असताना नायकालासुद्धा एरवीसारख्या उड्या मारता येत नाहीत.

म्हणजे काय होतं पाहा. थोराड माणसाला आधी बाहेर पाठवून दिलं, तर मागे राहिलेला खोका हलवणार कोण? मुलाला आधी बाहेर काढलं, तर फटीपलीकडची किल्ली आणायची कुणी? आजाऱ्याला उचलायचं तर रस्ता आधी मोकळा करून ठेवायला हवा. ज्याची आपल्याला अडचण वाटत होती तोच नेमका उपयोगी पडतो, आणि तेही त्याच्या वेळेलाच. चार घास वाढताना पानात कुणाला आधी काय वाढायचं याचा हिशेब आपण बायका रोज करतो, त्याच जातीचा हा हिशेब.

आमची धाकटी सात वर्षांची. तिला एरवी दादाच्या खेळात प्रवेश नाही. पण या खेळात "दादा, तिथे मुलगीच जाऊ शकते, तू नाही!" हे तिला ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून ती त्याच्या कुशीतून हलायला तयार नाही. नुसती बघत नाही, सूचना करते. आणि बऱ्याचदा तिच्या सूचना बरोबर असतात, कारण दादा घड्याळ बघत असतो आणि ही चित्र बघत असते.

माणसं वाचवायचा हा प्रकार हातातल्या खेळांत तसा नवा नाही. निन्टेन्डो कंपनीचे गुनपेई योकोई आगगाडीतून जाताना एका प्रवाशाला वेळ घालवण्यासाठी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेलं पाहतात आणि त्यावरून त्यांना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यातून १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' निघाले. त्याच वर्षीचा एक खेळ म्हणजे 'फायर'. जळत्या इमारतीच्या खिडकीतून माणसं उड्या टाकतात, खाली दोन बंबवाले झोळी धरून धावतात आणि माणसाला झेलत झेलत रुग्णवाहिकेपर्यंत पोचवतात. पुढे १९९१ मध्ये स्कॉटलंडातल्या डंडी गावच्या कंपनीनं 'लेमिंग्ज' काढला. त्यात शेकड्यानं चालणारे चिमुकले जीव वाचवायचे. तोही फार गाजला. पण त्यात ठरावीक टक्के वाचले की टप्पा पार होतो, उरलेले गेले तरी चालतं, आणि काहींना तर रस्ता करण्यासाठी मुद्दाम फोडावं लागतं. शिवाय सगळे सारखेच, म्हणून कोण गेला याचं काही वाटत नाही. मला विचाराल तर तो खेळ हुशार आहे, पण मायाळू नाही. 'एक्झिट'मध्ये कुणालाही नाव नाही, तरी "तो जाडा काका तिसऱ्या मजल्यावर राहिलाय" असं माझा मुलगा जेवता जेवता आठवून बोलतो.

आमच्या बाबतीत हा खेळ नुसता खेळ राहिला नाही, त्याला कारण सासूबाई. आम्ही आरे कॉलनीत राहतो. १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या म्हशींचे गोठे शहरातून काढून इथे वसवले गेले. आजही इथे तबेले आहेत, आदिवासी पाडे आहेत, झाडी आहे. आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलेला. महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे जाताना एक जिना उतरायला त्यांना पाच-सात मिनिटं लागतात आणि प्रत्येक वळणावर टेकावं लागतं.

त्या एका संध्याकाळी भाजी निवडत नातवाचा खेळ बघत बसल्या होत्या. पाठीवर आजारी माणूस घेऊन मिस्टर एस्क चालला होता. बघता बघता सासूबाई सहज म्हणाल्या, "आणि आपल्याकडे असं काही झालं तर मला रे कोण उचलणार?"

मुलगा म्हणाला, "मी!" त्याचं वजन तीस किलो, आजीचं अडुसष्ट. आम्ही सगळे हसलो. पण हसून झाल्यावर आमचे हे गप्प झाले आणि मीही. कारण प्रश्न खराच होता आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं.

गोरेगावच्या लोकांना तरी हा प्रश्न परका नाही. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगाव पश्चिमेला जय भवानी इमारतीत आग लागली. आग तळमजल्यावर, उभ्या केलेल्या वाहनांजवळची. धूर वर चढत गेला. माणसं झोपेत होती. किमान सात जणांचे जीव गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. त्याआधी १७ डिसेंबर २०१८ रोजी आमच्या पलीकडच्या अंगाला, मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली होती. तिथे तर आत होते ते रुग्णच, म्हणजे खेळातल्या चौथ्या प्रकारची माणसं. त्यांना उचलून, शिड्या लावून, खिडक्यांतून बाहेर काढावं लागलं. खेळ खेळताना आजाऱ्याला उचलणं म्हणजे एक बटण. खऱ्या जिन्यात ते काय असतं याची कल्पना त्या दिवसांच्या बातम्यांवरून आली.

तर आमच्या ह्यांनी दुसऱ्या दिवशी रविवार साधून वहीत आमचा मजला काढला, अगदी त्या खेळासारखा, बाजूनं कापलेला. मुलानं त्यावर माणसं मांडली. आजी कुठे झोपते, धाकटी कुठे, शेजारचे काका-काकू कुठे. आणि मग अडथळे मांडायला लागला तेव्हा आमच्याच जिन्याची लाज वाटली. पहिल्या मजल्यावर चपलांचं कपाट. दुसऱ्यावर दोन सायकली आणि एक मोडकी खुर्ची, जी कुणाची आहे हे आजतागायत ठरलेलं नाही. वरच्या वळणावर तुळशीच्या कुंड्या आणि कुणीतरी ठेवलेला रद्दीचा गठ्ठा. खेळात खोका वाटेत आला की तो ढकलून बाजूला करता येतो. पण अंधारात, धुरात, वयस्क माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी धरलेलं असताना चपलांचं कपाट ढकलणार कोण?

मैत्रिणींनो, आपापल्या जिन्यावर एकदा नजर टाका. सोसायटीच्या सभेत हा विषय काढला की पहिलं वाक्य येतं ते "आमच्याच चपला दिसल्या का?" हे. आमच्याकडेही तेच झालं. कपाट हलायला तीन आठवडे लागले. खुर्ची अजून आहे, पण निदान गच्चीच्या दारामागे गेली आहे, आणि तिथेही ती नको, हे माझं म्हणणं चालूच आहे.

सासूबाईंच्या बाबतीत ठरलं ते असं. हात असलेली, मजबूत, हलकी प्लास्टिकची खुर्ची त्यांच्या पलंगाजवळच असायची. समोरचे दोघे भाऊ आणि आमचे हे, तिघांनी ती उतरवायची. दोघं मागून, एक पुढून. एकदा रिकामी खुर्ची नेऊन पाहिली, मग तांदळाची पोती ठेवून पाहिली. सासूबाईंना बसवून मात्र एकच मजला उतरवलं, कारण त्या हसू आवरेनात आणि खुर्ची हलायला लागली! त्यांचा पलंगही आम्ही आतल्या खोलीतून दारालगतच्या खोलीत आणला.

इमारतीतून बाहेर पडल्यावर जमायचं कुठे, हा आणखी एक मुद्दा. इतरत्र लोक म्हणतील, मोकळ्या मैदानात. आमच्याकडे रात्रीच्या वेळी मैदान म्हटलं की बिबट्या आठवतो. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आरेत बिबट्याचे लागोपाठ हल्ले झाले, तेव्हापासून मुलांना काळोखात एकटं सोडत नाही. म्हणून आमची जागा ठरली फाटकाजवळचा दिव्याचा खांब. कचराकुंडीपासून लांब, कारण कुंडीपाशी कुत्री आणि कुत्र्यांमागे बिबट्या. प्रत्येकानं आपली जागा पाहून ठरवावी. नकाशा एकाच्या घराचा दुसऱ्याला चालत नाही.

आता या खेळाचा जो भाग मला पसंत नाही, तोही सांगते. मिस्टर एस्क पुन्हा पुन्हा आगीत जातो. एकाला दारापाशी सोडलं की परत वळून दुसऱ्याला आणायला. तो हरला तर टप्पा पुन्हा सुरू, माणसं पुन्हा आपापल्या जागी हजर. आमचा मुलगा एकदा बहिणीला समजावत होता, "मी तुला खाली ठेवीन आणि मग आजीसाठी परत वर येईन." ऐकून माझ्या पोटात गोळा आला. यंत्र बाजूला ठेवायला लावलं आणि दोघांना समोर बसवलं. बाहेर पडलेल्यानं परत आत जायचं नाही. पैसे, दागिने, मोबाइल, दप्तर यांसाठी तर नाहीच, पण माणसासाठीसुद्धा लहानांनी नाही. बाहेर येऊन १०१ ला फोन लावायचा आणि बंबवाल्यांना सांगायचं: तिसरा मजला, दाराजवळची खोली, आजी आहेत, चालता येत नाही. ही माहिती देणारा मुलगा परत आत धावणाऱ्या मुलापेक्षा आजीच्या जास्त उपयोगी पडतो. हे त्याला पटायला वेळ लागला. "पण मिस्टर एस्क तर..." हे दोन दिवस चाललं.

मग मी त्याला १४ एप्रिलची गोष्ट सांगितली. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीचा स्फोट झाला. बोटीत कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवायला गेलेले मुंबईचे ६६ अग्निशमन जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. हे शिकलेले, सरावलेले लोक, अंगावर पोशाख, हातात पाण्याचा मारा, तरी आगीपुढे त्यांचा जीव जातो. मुलगा यावर काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी वहीतल्या नकाशावर खांबाजवळ त्यानं स्वतःचं चित्र काढलं, कानाला फोन लावलेलं.

धुराचंही खेळात येतं तसं नसतं. आगीत माणसं भाजून जातात त्याहून अधिक धुरानं गुदमरून जातात. धूर वर चढतो, म्हणून श्वास घ्यायची हवा जमिनीलगत. उभं राहून पळायचं नाही, वाकून किंवा रांगत जायचं. दार उघडण्याआधी हाताच्या पालथ्या बाजूनं ते गरम आहे का पाहायचं. गरम असेल तर उघडायचं नाही. फटीत ओला टॉवेल कोंबून खिडकीशी जायचं आणि हाक मारायची. बाहेर पडलात तर आपल्यामागे दार ओढून घ्यायचं, म्हणजे धूर रोखला जातो. जिथे लिफ्ट आहे तिथे लिफ्ट नाही, जिनाच. अंगावरच्या कपड्यानं पेट घेतला तर धावायचं नाही, जमिनीवर लोळायचं. आणि गॅस तर आपल्याच हातात; रात्री रेग्युलेटर बंद केल्याशिवाय स्वयंपाकघरातला दिवा मालवू नये.

खेळ विकत घ्यावा का, असं कुणी विचारेल. पीएसपी यंत्रं निघायची बंद होऊन बरीच वर्षं झाली. जुन्या बाजारात मिळतात, पण एक पाहून घ्या. त्यांच्या मागच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या की फुगतात. झाकण नीट बसत नसेल, बॅटरी फुगीर दिसत असेल तर ती चार्जिंगला लावू नका. माणसं वाचवायचा खेळ खेळताना घरालाच आग नको! आमची बॅटरी भावजींनी आधीच बदलून दिली होती. बाकी खेळ थोडा संथ आहे. सोबत्यांना हुकूम दिला की ते आपल्या चालीनं निघतात, घाईच्या मुलाला त्याचा राग येतो. मला मात्र तेच आवडलं. खरी माणसंही अशीच निघतात.

यंत्र नसलं तरी काही अडत नाही. मी वर्गात खडूनं जमिनीवर तीन मजले आखते. बाकं म्हणजे अडथळे. चिठ्ठ्या टाकून चार मुलं तरुण, दोन थोराड, दोन लहान, दोन आजारी. थोराडांनी कमरेला दप्तर बांधायचं आणि हात धरल्याशिवाय रेघ ओलांडायची नाही. लहानांनी बाकाखालून जायचं. आजाऱ्यांनी स्वतःहून हलायचं नाही, त्यांना दोघांनी हातांची बैठक करून न्यायचं. बैठकीसाठी आपला डावा हात आपल्याच उजव्या मनगटावर आणि उजवा हात समोरच्याच्या डाव्या मनगटावर. घरी पत्त्यांच्या कॅटवरही होतं: राजे थोराड, गुलाम तरुण, दुर्री लहान, राणी आजारी.

एक नियम मी खेळात नसलेला घातला आहे. रेघेबाहेर गेलेलं मूल परत आत आलं की डाव फुकट. आणि बाहेर पहिलं पोचलेल्यानं मोठ्यानं तीन गोष्टी सांगायच्या: पत्ता, मजला, आत किती जण. पहिल्या दिवशी बेचाळीस मुलांतल्या नऊ जणांना आपल्या घराचा पूर्ण पत्ता सांगता आला. पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीनं मात्र पाड्याचं नाव, वाटेतलं तबेल्याचं युनिट, बस थांबा आणि गाडी जिथपर्यंत येते ते वडाचं झाड, सगळं एका दमात सांगितलं. तिच्यामागोमाग आम्ही फळ्यावर प्रत्येकाच्या घराची अशी खूण लिहून काढली. त्यात दोन तास गेले आणि त्या दिवशीचं व्याकरण राहिलं.